फुटबॉलपटूंची पादत्राणे व सुकतळे : एक विचार

कोल्हापुरातील पेठांचे व तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरू लागले की पायाच्या तक्रारी घेऊन येणारे तरुण खेळाडू वैद्यांना नवे नाहीत. त्यांना तेल, लेप व विश्रांती सांगितली जाते. परंतु ज्या बुटामुळे पीडा उद्भवली असेल, तो बूट क्वचितच तपासला जातो. प्रस्तुत लेखात आम्ही त्याचाच विचार करणार आहोत.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात पादत्रधारण हे पायांची पीडा दूर करणारे व बल्य मानले आहे. सुश्रुताचार्यांनी वातकंटकाचे कारण पाय विषम पडणे हे दिले आहे. अयोग्य बूट नेमके हेच घडवितो.

मैदान व स्टड : मऊ, ओलसर हिरवळीसाठीचे लांब स्टड टणक मैदानात रुतत नाहीत, शरीराचा भार चवड्याखालील मोजक्या बिंदूंवर एकवटतो. कृत्रिम हिरवळीवर ते अडकतात व वळताना घोटा आणि गुडघा पिळवटतो. म्हणून टणक वा कृत्रिम मैदानासाठी आखूड व संख्येने अधिक स्टड असलेला बूट सुचवावा.

माप : पाय दिवसअखेर किंचित फुगतो, म्हणून माप सायंकाळी, खेळतानाचे मोजे घालून, उभ्याने व दोन्ही पायांचे घ्यावे. अंगठ्यापुढे अर्धा ते एक सेंटिमीटर जागा असावी. करंगळीच्या बाजूस दाब नसावा. टाच घट्ट बसावी. बूट बोटांच्या मुळाशी वाकावा, मध्यभागी नव्हे.

सुकतळा : पायाच्या कमानीस आधार देणारा सुकतळा व केवळ मऊ गादी यांत भेद आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, बहुतांशी लष्करी प्रशिक्षणार्थींवरील अभ्यासांच्या आढाव्यात आधार देणाऱ्या सुकतळ्यांनी ताणजन्य अस्थिभंग कमी झाल्याचे दिसले; निव्वळ धक्का शोषणाऱ्या गाद्यांचा तसा लाभ आढळला नाही. औषधालयचालकांनी सुकतळा विकताना खेळाडूचा बूट मागवून घ्यावा. मूळ सुकतळा न काढता त्यावर दुसरा घातल्यास टाच वर उचलली जाते, बुटाची पकड सैल होते व पाय मुरगळण्याचा संभव वाढतो. नवा सुकतळा प्रथम सरावात, थोडा थोडा वेळच वापरावा.

सावधगिरीची खूण : पायाच्या बाहेरील कडेवर, करंगळीमागील लांब हाडाच्या मुळाशी, एकाच जागी बोट ठेवता वेदना होत असेल तर मर्दन कदापि करू नये. रॉबर्ट जोन्स यांनी १९०२ साली वर्णिलेला अस्थिभंग याच भागातील होय. तेथे रक्तपुरवठा अल्प असल्याने हाड विलंबाने जुळते. ब्राझीलचे नेमार यांचे उजव्या पायाचे हेच हाड फेब्रुवारी २०१८ मध्ये मोडले व जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा दुखावले. ताणजन्य भेग आरंभीच्या क्ष-किरण चित्रात न दिसण्याचाही संभव असतो. म्हणून चित्र निर्दोष आले तरी वेदना असेपर्यंत खेळ बंद ठेवून अस्थितज्ज्ञांकडे पाठवावे. येथे केलेली दिरंगाई तरुणाचा संपूर्ण हंगाम हिरावून घेऊ शकते.

पायाची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक खेळाडूस 'बूट घेऊन या' असे सांगण्याचा प्रघात वैद्यबंधूंनी पाडावा, अशी आमची विनंती आहे. तळव्याची झीज एकाच बाजूस आहे काय, हे पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. हेतू कायम ठेवून केलेला उपचार अपुराच ठरतो. निदानपरिवर्जन हीच चिकित्सेची पहिली पायरी होय.