सॉफ्टवेअर चालू करण्याआधी चाचणी कशी घ्यायची? ६८ गावांचा धडा



नवीन बिलिंग सॉफ्टवेअर आलं की आपण एक बिल काढतो, प्रिंट आली की म्हणतो, "चालतंय!" याला चाचणी म्हणत नाहीत. चाचणी कशी आखायची, ते सगळ्यांच्या ओळखीच्या उदाहरणावरून बघू.

२०१७ च्या शेतकरी कर्जमाफीत लाखो अर्ज ऑनलाइन आले. १८ ऑक्टोबरला प्रमाणपत्रं वाटली गेली आणि मग याद्यांमधला गोंधळ बाहेर आला. एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकरी दिसत होते. पैसे जमा व्हायला उशीर झाला.

पुढे महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना आली. २४ फेब्रुवारी २०२० ची पहिली यादी फक्त ६८ गावांची होती, खाती १५,३५८. जिल्ह्यामागे दोन गावं. बँकेची माहिती, यादी, आधार प्रमाणीकरण, रक्कम पटली नाही तर तक्रार, शेवटी खात्यात पैसे ही अख्खी साखळी आधी छोट्या प्रमाणावर चालवली. मोठ्या याद्या नंतर.

सगळी ६८ गावं एकाच जिल्ह्यातली घेतली असती, तर बाकीच्या जिल्हा बँकांच्या माहितीतला घोळ दिसलाच नसता. म्हणून नमुना मोठा असण्यापेक्षा वेगवेगळा असणं महत्त्वाचं.

आता हेच आपल्या दुकानात:

१. प्रकार निवडा. रोख, उधारी, अर्धी रोख-अर्धी उधारी, सुटा माल, परत आलेला माल. शंभर रोख बिलं काढली तरी चाचणी एकच झाली.

२. बरोबर उत्तर आधी वहीत लिहा. नंतर बघितलं तर स्क्रीनवरचा आकडाच खरा वाटतो.

३. नियम जिथं बदलतो तिथं तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून तुपावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. समजा २० सप्टेंबरला हॉटेलवाल्याला कर सोडून १,००० रुपयांचं तूप दिलं आणि ते २५ तारखेला परत आलं. विक्री जुन्या दराची, म्हणून क्रेडिट नोट १,१२० रुपयांची हवी. सॉफ्टवेअरने १,०५० दाखवले तर ते नापास!

४. गर्दीची चाचणी वेगळी घ्या. छोट्या नमुन्यातून हिशोब कळतो, ताण कळत नाही. दोन काउंटरवरून एकदम बिलं काढा. मध्येच लाइट घालवून बघा, अर्धं बिल कुठं गेलं?

५. चुका नुसत्या मोजू नका, गटात टाका. २० बिलांत ४ चुका निघाल्या आणि चारही माल परतीच्या असल्या, तर बहुतेक दोष एकच आहे. चार वेगळ्या प्रकारांत असल्या तर सॉफ्टवेअर अजून कच्चं आहे. दुरुस्ती झाल्यावर वीसच्या वीस बिलं पुन्हा काढा, कारण एक नीट करताना दुसरं बिघडतं.

उधारीचा एक आकडा चुकला की वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाची पायरी चढतं. म्हणून पंधरा दिवस वही आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालू ठेवा, रोज रात्री ताळा करा. ताळा जुळल्याशिवाय वही बंद करायची नाही.