अंगावरून वारं गेलं तर

एक बाई होती. वय चाळीस. महिनाभर तिला बारीक ताप येत होता. रात्री घाम येई. भूक मेली होती. दुकानातून गोळ्या आणाव्यात, दोन दिवस बरे वाटावे, पुन्हा ताप यावा, असे चालले होते.

एके दिवशी भाकरी थापता थापता तिचा उजवा हात लुळा पडला. तोंड वाकडे झाले. बोलता येईना.

सासू ओरडली, "सूनबाईच्या अंगावरनं वारं गेलं! तेल आणा, चोळू या."

दीर म्हणाला, "आई, तेल राहू दे. आधी दवाखाना." त्याने घड्याळ पाहिले. साडेसात वाजले होते. त्याने १०८ ला फोन केला.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "झटका किती वाजता आला?"

"साडेसातला."

"त्याआधी काही दुखणे होते?"

सासू गप्प राहिली. तापाचा आणि लुळ्या हाताचा काय संबंध, असे तिला वाटले. पण दीर म्हणाला, "डॉक्टरसाहेब, वहिनीला महिनाभर ताप येतोय. लहानपणी सांधे सुजले होते. तेव्हापासून हृदयाची एक झडप खराब आहे."

डॉक्टर म्हणाले, "सांगितलंत ते फार बरं झालं."

डॉक्टर असे का म्हणाले?

आपल्या हृदयात चार झडपा असतात. पंपाची झडप पाणी पुढे सोडते, मागे येऊ देत नाही. हृदयाची झडप रक्ताचे तसेच करते. किडक्या दातातून किंवा जखमेतून जंतू रक्तात शिरतात. झडप खराब असली की ते तिच्यावर घर करतात. तिथे जंतूंचा आणि गोठलेल्या रक्ताचा गोळा वाढतो. त्याचा तुकडा सुटून मेंदूत गेला की शीर तुंबते. मग वारे जाते.

साध्या गुठळीने झटका आला, तर साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन देता येते. पण तुकडा जंतूंचा असला तर तेच इंजेक्शन घातक ठरते. जंतूंनी शिर पोखरलेली असू शकते. मेंदूत रक्त वाहण्याची भीती असते. म्हणून अशा वेळी ते टाळतात. मोठी शीर तुंबली असेल, तर काही रोग्यांचा तुकडा जांघेतून बारीक नळी घालून काढता येतो.

खरा उपचार जंतूंवर करायचा असतो. आधी तपासणीसाठी रक्त घेतात. मग शिरेतून जंतुनाशक औषध देतात. ते बहुधा चार ते सहा आठवडे चालते. ताप उतरला म्हणून मध्येच सोडायचे नाही. काहींच्या झडपेची शस्त्रक्रियाही करावी लागते.

मनाने घेतलेल्या गोळ्यांनी जंतू दबतात, मरत नाहीत. मग ते तपासणीतही सापडत नाहीत.

पेनिसिलीनचा शोध १९२८ साली लागला. १९४० नंतर ते रोग्यांना मिळू लागले. त्यापूर्वी या रोगातून माणूस क्वचितच वाचे.

ती बाई सहा आठवड्यांनी घरी आली. हातात अजून पुरती ताकद नाही. पण ती बोलते, चालते.

लक्षात ठेवा
झडप खराब असेल तर दात स्वच्छ ठेवा.
ताप आठवडाभर राहिला तर डॉक्टरांना दाखवा.
वारे गेले तर वेळ पाहा आणि लगेच दवाखाना गाठा.
आधीचा ताप डॉक्टरांना सांगा.

प्रश्न
१. दिराने घड्याळ का पाहिले?
२. ताप लपवला असता तर काय झाले असते?