जुन्या स्टोव्हचे पैसे मोजू नकोस

अगं, घर खरंच छान आहे. पण दिवाणखान्यातला तो लाकडाचा स्टोव्ह दाखवून मालक किंमत वाढवून मागतोय म्हणालीस, म्हणून आधी त्याबद्दलच बोलते.

आमच्या ऑरेगॉनमध्ये १९७०च्या दशकातले फिशर कंपनीचे स्टोव्ह अजून खूप घरांत आहेत. जाड पोलादी पत्रा, काही म्हणता काही झालेलं नसतं. तिथेच माणूस भुलतो. स्टोव्ह टिकला म्हणून तो ऊब चांगली देतो असं नाही गं. लाकूड तापलं की त्यातून वायू निघतो. तो जुन्या स्टोव्हात पुरता जळत नाही, धुराबरोबर वर निघून जातो. म्हणून अशा स्टोव्हची कार्यक्षमता ४० ते ६० टक्केच. धूर तासाला १५ ते ३० ग्रॅम, आणि २०२० पासून नव्या स्टोव्हला मुभा आहे फक्त दोन-अडीच ग्रॅमची. शिवाय न जळलेलं ते सगळं धुराड्यात डांबरासारखं चिकटून बसतं. पेटलं तर छपरापर्यंत आग जाते. तुझ्या घरात लहान मूल आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

स्टोव्हच्या मागे हात घाल आणि धातूची पाटी शोध. तिच्यावर ईपीएचं, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं, प्रमाणपत्र असतं; ते १९८८च्या नियमांनंतर आलं. पाटी नसेल तर ऑरेगॉनमध्ये तो स्टोव्ह विकताच येत नाही. ऑगस्ट २०१० पासून घर विकताना तो काढून मोडीत काढावा लागतो, तेही विकणाऱ्याने. ती जबाबदारी खरेदीदाराने लेखी स्वीकारली, तर व्यवहारानंतर ३० दिवसांत त्यानेच ते करायचं. तू असलं काही लिहून देऊ नकोस. अशा स्टोव्हची किंमत म्हणजे भंगाराचं लोखंड, बस्स.

पाटी असेल, तर गोष्ट वेगळी. मग स्टोव्हच्या दारात नोट अडकवून ओढून बघ. सहज सुटली तर कडेची दोरी गेलीय, ती बदलता येते. आतला पत्रा वाकलाय का, कुठे तडा आहे का, तेही बघ. आणि लाकूड वर्षभर वाळलेलंच घे. ओल्या लाकडाने आजीची चूल कशी घर धुराने भरायची, आठवतं ना? महागड्या स्टोव्हातही तेच होतं.

कागदांवर सही करण्याआधी त्या पाटीचा फोटो मला पाठव.