कोंबडीची तहान व कोंबडीचा रोग

खेड्यांतील गरीब कुटुंबाची कोंबडी ही त्याची लहानशी पेढीच होय. तेलमिठाची नड असो, मुलाच्या वहीपुस्तकास पैसे लागोत, किंवा दारीं पाहुणा येवो, घरची बाई प्रथम खुराड्याकडे पाहते. असें असतां वैशाखांतील एखाद्या दुपारीं चार कोंबड्या आडव्या पडल्या म्हणजे "रोग आला" एवढें बोलून आपण स्वस्थ बसतों, अथवा उरलेल्या घाईघाईनें बाजारांत नेऊन विकतों. या दोन्ही गोष्टींनीं नुकसानच होतें. कारण कोंबडी तलखीनें व तहानेनें पडली असेल तर ती पुष्कळदां वाचवितां येते. आणि रोगानें पडली असेल तर बाजारांत नेलेली तिची सोबतीण दुसऱ्याचें खुराडें रिकामें करते. म्हणून हा भेद ओळखावा कसा, याचा आज आपण विचार करूं.

तहान कशी ओळखावी. कोंबडीस घाम येत नाहीं. तिच्या अंगाची उष्णता मूळचीच आपल्याहून अधिक, सुमारें ४१ अंश सेल्सिअस असते. ती कमी करावयास तिला चोंच उघडून धापा टाकाव्या लागतात, आणि प्रत्येक श्वासाबरोबर अंगांतील पाणी बाहेर जातें. मोठी कोंबडी एरवीं दिवसांत सुमारें पाव लिटर पाणी पिते. कडक उन्हाळ्यांत तिला त्याच्या दुप्पट लागतें. कवच वगळलें तर अंड्याचा सुमारें पाऊण भाग पाणीच असतो. म्हणून पाणी तुटलें कीं अंडीं प्रथम थांबतात.

पंख अंगापासून दूर धरणें, चोंच उघडी ठेवून धापा टाकणें, हीं आरंभींचीं चिन्हें होत. पुढें तुरा मलूल व काळसर होतो, डोळे आंत जातात, आणि कोंबडी मान टाकून बसते. अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडीही पिसें फुगवून एका जागीं बसते. ती आजारी नसते, परंतु अंडीं सोडून पाण्यास जात नसल्यामुळें ती लवकर सुकते. तिच्याजवळच पाणी ठेवावें, व रोज एकदां तिला उठवून चारापाणी द्यावें.

उपाय. पडलेल्या कोंबडीस सावलींत, वारा लागेल अशा जागीं न्यावें. तिचे पाय व तुरा साध्या पाण्यानें ओले करावे. बर्फासारख्या गार पाण्यांत तिला बुडवूं नये. एक लिटर स्वच्छ पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व पाव चमचा मीठ विरघळवून तें पुढें ठेवावें. मीठ याहून अधिक घालूं नये. जास्त मीठ कोंबडीस विषासारखें बाधतें. तिला पिण्याची शक्ति नसेल तर चोंचीच्या कडेस थेंब थेंब लावावा. घशांत पाणी ओतूं नये. श्वासनळीचें तोंड जिभेच्या मागेंच असल्यामुळें पाणी छातींत जाऊन ती गुदमरते. हें पाणी एक दिवस द्यावें, नंतर साधें पाणी द्यावें.

याहून बरें म्हणजे पाळी येऊंच न देणें. पाण्याचे परळ सावलींत ठेवावे, रोज घासावे व दुपारीं पुन्हां भरावे. परळ एकच असेल तर दांडग्या कोंबड्या दुबळ्यांस हाकलतात. म्हणून दोन तीन ठेवावे. दाणा सकाळीं लवकर व सायंकाळीं टाकावा. अन्न पचतांना अंगांत उष्णता वाढते, म्हणून भर दुपारीं टाकूं नये.

रोग कसा ओळखावा. तलखीनें पडलेली कोंबडी सावलींत व पाण्यानें बहुधा सायंकाळपर्यंत सावरते. दुसऱ्या सकाळीं खुराड्याचें दार उघडतांच ती बाहेर न आली तर तिला रोगी समजावें. हिरवट पातळ शीट, घरघर, लुळे पडलेले पाय व पंख, पिळलेली मान, हीं मानमोडीचीं म्हणजे राणीखेत रोगाचीं लक्षणें होत. या रोगावर औषध नाहीं, परंतु लस आहे. लासोटा लस पिलांस पहिल्या आठवड्यांत डोळ्यांत किंवा नाकांत थेंब टाकून देतात. पुढें सुमारें आठव्या आठवड्यास दुसरी लस टोंचतात. लस निरोगी पक्ष्यांसच द्यावी, व ती बर्फांत ठेवून आणावी. पिलांच्या शिटेंत रक्त दिसलें तर तो वेगळा रोग आहे; त्यावर औषध मिळतें, म्हणून पशुवैद्यकीय दवाखान्यांत लवकर विचारावें.

रोगी कोंबडी त्याच दिवशीं वेगळी करावी, तिचें भांडें निराळें ठेवावें, आणि चांगल्यांस दाणापाणी दिल्यावरच तिच्याकडे जावें. मेलेली कोंबडी खाऊं नये, ओढ्यांतही टाकूं नये. खोल खड्ड्यांत चुना घालून पुरावी. एकाएकीं पुष्कळ कोंबड्या मेल्या तर उघड्या हातानें शिवूं नये, मुलांस दूर ठेवावें, व पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावें. २००६ सालीं नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें बर्ड फ्लू आढळला, तेव्हां रोग थांबविण्यासाठीं तेथील असंख्य कोंबड्या मारून टाकाव्या लागल्या. तो रोग माणसासही होऊं शकतो.

राहिली बाजाराची गोष्ट. घरांत रोग शिरला असतां धडधाकट दिसणारी कोंबडीही विकूं नये. तिच्या अंगांत तो असूं शकतो. विकत घेणारी बहुधा आपल्यासारखीच एक गरीब बाई असते, आणि तिची पेढीही तेवढीच लहान असते. तसेंच विकत आणलेली कोंबडी दोन आठवडे वेगळी ठेवावी, मगच आपल्यांत सोडावी.

वर्गांत विचारण्यासाठीं प्रश्न. (१) कोंबडी धापा कां टाकते? (२) तिच्या घशांत पाणी कां ओतूं नये? (३) तलखी व मानमोडी यांतील भेद कोणता? (४) आपल्या घरीं पाण्याचे परळ किती आहेत, व ते दुपारीं कोठें असतात? या शेवटल्या प्रश्नाचें उत्तर प्रत्येकानें घरीं जाऊन, पाहून द्यावें.