लाल पेटीसमोरची स्कूटर



आजचा श्लोक : गीता, अध्याय ३, श्लोक २५. भगवान सांगतात, अज्ञानी माणूस आसक्तीने जितक्या तळमळीने कर्म करतो, तितक्याच तळमळीने ज्ञानी माणसाने आसक्ती सोडून, लोकसंग्रहासाठी करावं. लोकसंग्रह हा शब्द जड वाटतो, म्हणून आपण तो संतांवर सोपवून मोकळे होतो.

काल हरिपाठ आटोपून पनवेलच्या आमच्या सोसायटीत खाली उतरलो, तर फायर हायड्रंटला चिकटून उभी स्कूटर माझीच! बर्फ पडला की बॉस्टनमधली माझी मावसबहीण फावडं घेऊन घरासमोरचा हायड्रंट मोकळा करते. आपल्याकडे बर्फ नाही. गाड्या, कुंड्या, चपलांचे स्टँड आहेत. राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार ही यंत्रणा चालू ठेवणं इमारतीतल्यांचंच काम. जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचा दाखलाही द्यावा लागतो. पण आगीच्या वेळी होज जोडायला जागाच नसेल तर दाखला काय कामाचा?

आसक्ती म्हटलं की आपल्याला पैसा, नाती आठवतात. माझी निघाली लिफ्टजवळच्या सावलीतल्या पार्किंगची.

स्कूटर हलवली. होज-पेटीसमोरच्या कुंड्या मात्र तळमजल्यावरच्या काकूंच्या आहेत. आज त्यांच्याशी बोलायचंय.