ताट आणि गोळी

माझ्या आजीला मधुमेह होता, आईला होता, त्यामुळे माझा निघाला तेव्हा घरात कुणालाच नवल वाटलं नाही. कठीण गेलं ते पुढचं. गोळ्या वेळेवर, खाणं जपून, संध्याकाळी चालणं, आणि तरीही आकडा जागचा हलेना. या आजारावर सल्ले देणारे गल्लोगल्ली भेटतात, पण सगळं नीट करूनही ज्याची शुगर आटोक्यात येत नाही त्याच्याशी काय बोलावं हे फार थोड्यांना ठाऊक असतं. अशा माणसांसाठी हे लिहिते आहे. कराडला शाळेची नोकरी आणि घर सांभाळताना जे हाती लागलं, तेवढंच. औषधांचे निर्णय ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावेत.

१. ‘काय खाल्लंस?’ हा पहिला प्रश्न नसावा

रिपोर्ट बिघडला की घरचे, शेजारचे, कधी तपासणारेसुद्धा हेच विचारतात. प्रश्नामागे काळजी असते, पण निकाल आधीच लागलेला असतो. साखर वाढायला कारणं कितीतरी: ताप, दाताचं दुखणं, लघवीचा संसर्ग, दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी दिलेलं स्टिरॉइड, घरातल्या आजारपणातली जागरणं. आणि खुद्द आजाराची चाल. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या युकेपीडीएस या अभ्यासात पाच हजारांवर नव्या रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. १९९८ साली त्याचे निष्कर्ष जाहीर झाले. त्यातून कळलं की निदान होतं तेव्हाच स्वादुपिंडाची इन्सुलिन बनवण्याची ताकद साधारण निम्म्यावर आलेली असते आणि पुढे ती उतरतच जाते. नऊ वर्षांनी एकाच औषधावर भागणारे जेमतेम पाव रुग्ण उरले होते. तीच भाकरी, तीच गोळी, तेवढंच चालणं, आणि आकडा मात्र वर, असं खरोखर होतं.

माझी आई शेवटची कित्येक वर्षं, आपल्याच हातून काहीतरी सुटतंय असं मानून जगली. दर तपासणीच्या आधी चार दिवस ती जेवण निम्म्यावर आणायची आणि रिपोर्ट घेऊन येताना कुणाशी बोलायची नाही. हा आजार असाच पुढे सरकतो, औषध वाढलं तर त्यात तुमचा गुन्हा नाही, एवढं एक वाक्य तिला कुणी सांगायला हवं होतं. मी आता ते भेटेल त्या मधुमेह्याला सांगते.

२. एका आकड्यावर विसंबू नये

उपाशीपोटीचा, जेवणानंतर दोन तासांचा आणि एचबीए१सी, हे तिन्ही वेगवेगळं सांगतात. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांना किती साखर चिकटली हे एचबीए१सीत दिसतं. म्हणून तिला तीन महिन्यांची सरासरी म्हणतात, आणि म्हणूनच चार दिवसांच्या उपासमारीने ती फारशी बदलत नाही. पुष्कळांना सातच्या आत राहायला सांगतात. वय झालेल्यांना थोडी सूट देतात.

सकाळचा आकडा तर भलताच फसवा. रात्री अर्धी भाकरी खाऊन झोपावं आणि पहाटे शुगर रात्रीपेक्षा जास्त निघावी, हे माझ्या बाबतीत नेहमीचं होतं. पहाटे शरीर जागं व्हायच्या तयारीत काही संप्रेरकं सोडतं आणि यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं. रात्रीचं जेवण आणखी कमी करून हे थांबत नाही. हे कळलं आणि रात्रीच्या उपाशी झोपण्यातून माझी सुटका झाली.

३. पुस्तकातलं पथ्य बाजूला ठेवून आपलं ताट मोजावं

कारली, मेथ्या, जांभळाच्या बियांची पूड, ‘ज्वारी खा, गहू सोडा’, हे सगळं ऐकून झालं होतं. उपयोग झाला तो घरातल्या ग्लुकोमीटरचा. जेवणाच्या आधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा, अशी मी नेहमीच्याच जेवणांची नोंद करू लागले. ज्वारीच्या दोन भाकऱ्या, बटाट्याची भाजी, आमटी: २१२. एक भाकरी, मटकीची उसळ वाटीभर, काकडीची कोशिंबीर, ताक: १५६. पोट दोन्ही वेळा भरलं होतं. ज्वारी चांगली हे खरंच, पण भाकरी शेवटी पिठाचीच. एकीच्या जागी दोन झाल्या की ज्वारीचा चांगुलपणा तिथेच संपतो. आपल्या ताटात भात, पोळी, बटाटा सगळं एकदम येतं आणि डाळ-उसळ नावापुरती. मी वाढणी उलटी केली. आधी कोशिंबीर आणि उसळ खायची, भाकरी नंतर. तेच पदार्थ या क्रमाने खाल्ले तर साखर सावकाश चढते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं अंगणात चाललं तर आणखी फरक पडतो.

मोजण्यातही एक खुबी आहे. बोटाच्या टोकाला मध्यावर टोचलं की दिवसभर ठणकतं, बाजूला टोचलं तर कळतही नाही. आणि हात साबणाने धुऊन कोरडे केल्याशिवाय टोचू नये. वहिनींनी एकदा आंबे चिरताना मध्येच उठून शुगर बघितली तर तीनशेच्या वर. सगळे घाबरले. हात धुऊन पुन्हा बघितली तर १४८. बोटाला लागलेला रस पट्टीने मोजला होता. अशा एका खोट्या आकड्यावर कुणी जास्तीची गोळी घेतली तर काय होईल, या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

४. गूळ, मध आणि साबुदाणा

गूळ आणि मध ‘नैसर्गिक’ असले तरी रक्तात जाऊन साखरच होतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. एकादशीला सकाळी खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस, संध्याकाळी रताळं, असा दिवस गेला की शुगर नेहमीच्या दिवसापेक्षा वरच असते. उपवास ज्यांना सोडवत नाही त्यांच्या श्रद्धेचा मला आदर आहे. त्यांनी राजगिऱ्याची भाकरी, दही, काकडी, मूठभर दाणे यांवर दिवस काढावा आणि आदल्या दिवशी डॉक्टरांना गोळीचं विचारावं. हे विचारणं खाण्यापेक्षाही महत्त्वाचं का, ते पुढे.

५. आपली गोळी नेमकं काय करते हे माहीत हवं

‘एक पांढरी, एक गुलाबी’ एवढीच ओळख असणारी माणसं मी डॉक्टरांच्या बाकावर रोज बघते. मेटफॉर्मिन यकृताला आवरते. एकटी असेल तर शुगर फार खाली नेत नाही. सुरुवातीला पोट बिघडवते, म्हणून जेवणासोबत घ्यायची, आणि तरीही सोसत नसेल तर हळूहळू विरघळणारी गोळी मिळते. पोट बिघडलं म्हणून गुपचूप बंद करणारे पुष्कळ असतात. त्यांनी फक्त बोलायला हवं. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली तर बी१२ कमी होऊ शकतं. आपल्यातल्या शाकाहारी मंडळींमध्ये ते आधीच कमी असतं. पायाला मुंग्या आल्या की शुगरच्या माथी मारून मोकळं होण्याआधी बी१२ तपासून घ्यावं.

ग्लिमेपिराइडची जात निराळी. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, समोर ताट असो वा नसो. माझ्या सासऱ्यांचं, अण्णांचं, उदाहरण सांगते. नात्यातलं लग्न होतं. ‘आज जेवण जडच होणार’ म्हणून सकाळी त्यांनी गोळी घेतली आणि नुसता चहा प्यायले. मुहूर्त साडेबाराचा, नवरदेव पारावरून यायला उशीर, पंगत बसेपर्यंत अडीच वाजले. अण्णा एरवी शांत माणूस, पण वाढप्यावर ओरडले. लोकांना वाटलं मानपानावरून चिडले. मी जवळ गेले तर सदरा पाठीला चिकटलेला, हात थरथरत होते, शब्द जड येत होते. हातात वाटी धरता येईना. मांडवामागच्या स्वयंपाकघरातून चहाचे तीन चमचे साखर पाण्यात ढवळून आणली आणि घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी ते ‘मला काय झालं होतं?’ म्हणाले. मग वरण-भात दिला.

साखर ७० च्या खाली गेली की पंधरा ग्रॅम साखर द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, वर आली नसेल तर पुन्हा द्यायची, आणि नंतर जेवण. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. ही दोन वाक्यं घरातल्या शाळकरी मुलालासुद्धा पाठ हवीत.

लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी दापाग्लिफ्लोझिनसारखी औषधंही आता सर्रास देतात. त्यांनी जननेंद्रियाजवळ खाज किंवा बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. बायका हे लाजेने कुणाला सांगत नाहीत आणि गोळी सोडून देतात. सांगा. त्यावर इलाज सोपा आहे.

आणि पैशाचं. पेटंट संपल्यावर, २०२० साली दापाग्लिफ्लोझिन आणि २०२२ साली सिटाग्लिप्टिन, दोन्ही बरीच स्वस्त झाली. तरी जुन्या महागड्या ब्रँडची चिठ्ठी तशीच चालू राहिलेली मी पाहिली आहे. महिनाअखेरीला गोळ्या एक दिवसाआड घेऊन पुरवणारी माणसं आपल्या आसपास आहेत. जनऔषधी दुकानात तेच औषध मिळतं का, असं डॉक्टरांना विचारण्यात कमीपणा कसला?

६. जेवणाची पद्धत बदलली तर औषधही बदलतं

डॉ. श्रीकांत जिचकार यांची आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी नेलेली दोनदाच जेवायची पद्धत आपल्याकडे पुष्कळांनी धरली. ब्रिटनमधल्या डायरेक्ट या अभ्यासात, २०१७ साली, आहार फार कमी करून वजन उतरवलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांची शुगर वर्षभराने औषधाविना काबूत होती. ते रुग्ण निदान होऊन सहा वर्षांच्या आतले होते, इन्सुलिनवर नव्हते, आणि त्यांच्या गोळ्या सुरुवातीलाच देखरेखीखाली थांबवल्या होत्या. हा शेवटचा भाग कुणी सांगत नाही. ताट निम्मं केलं आणि ग्लिमेपिराइड पूर्ण चालू ठेवली तर अण्णांसारखी वेळ कुणावरही येईल. ‘मधुमेह मुळासकट बरा’ अशा जाहिराती बघून एका दिवसात सगळी औषधं टाकून देणाऱ्यांची मला खरोखर भीती वाटते.

७. इन्सुलिन ही शिक्षा नाही

‘आता सुईवर आली’ असं कुजबुजत्या स्वरात बोलतात. १९२२ च्या जानेवारीत टोरंटोत चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, त्याआधी अशा मुलांना हाडं दिसेपर्यंत उपाशी ठेवून काही महिने जगवत. ज्या औषधाने हे थांबवलं त्याला घाबरायचं?

मात्र टोचण्याची रीत शिकून घ्यावी. आईचा डोस वाढत चालला होता आणि शुगर हटत नव्हती. शेवटी एका नर्सताईंनी पोटावर हात फिरवला आणि बेंबीच्या उजवीकडची जागा दाबून म्हणाल्या, ‘आजी, रोज इथेच टोचता ना?’ तिथे कातडीखाली चरबीची मऊ गाठ झाली होती. अशा जागी दुखत नाही, म्हणून माणूस तिथेच टोचतो, आणि तिथून इन्सुलिन नीट शोषलंच जात नाही. जागा बदलल्यावर डोस कमी करावा लागला. इतके दिवस सगळे तिच्या ताटाकडे बोट दाखवत होते.

न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नको. वापरातली साधारण चार आठवडे बाहेर चालते. उन्हाळ्यात वीज जाते तिथे पिशवीत गुंडाळून गार मडक्यात ठेवतात, तेही ठीक.

८. पाय, डोळे, लघवी

वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं प्रथिन तपासावं, मग शुगर कितीही चांगली असो. तळपाय रोज रात्री बघावेत. वाकता येत नसेल तर आरसा धरून. देवळात उन्हाच्या फरशीवर अनवाणी चालून आलेला फोड संवेदना गेलेल्या पायाला कळत नाही.

९. बारीक आहे म्हणून सोडून देऊ नये

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचंच छायाचित्र छापलं होतं. दोघांचा बीएमआय अगदी एक, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. आपण दिसतो बारीक, चरबी मात्र आत पोटात साठते, आणि पुण्याजवळच्या गावांतल्या त्यांच्या अभ्यासाने हे नवजात बाळांतही दाखवलं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात १० कोटींवर मधुमेही निघाले, गोव्यात तर प्रौढांपैकी २६.४ टक्के. म्हणून वजनापेक्षा कमर मोजावी: पुरुषांची ९० सेंटिमीटर, बायकांची ८०, त्यावर गेली की तपासणी करावी. ज्याच्या आई-वडिलांना आहे त्याने कमरेचीही वाट बघू नये.

दादाचा मुलगा सडपातळ, तिशीतला, दिवसभर संगणकापुढे बसणारा. ‘आत्या, मला कशाला?’ म्हणत होता. मीच सोबत नेला. उपाशीपोटी ११८ निघाली. १०० ते १२५ म्हणजे काठावर. १२६ पासून पुढे मधुमेह. त्याच्या आईने घरी आल्या आल्या भाताचं पातेलं लहान केलं. मी तिला म्हटलं, वहिनी, भात हळूहळू कमी करू, आधी त्याच्या डब्यात रोज उसळ दे, आणि रिपोर्टबद्दल त्याला रागावू नकोस.