गिअर उतारावर नको, माथ्यावर टाका

पाटण तालुक्यात कोयनेच्या दोन्ही अंगांना डोंगर. माझी भाड्याची नांगरट पायथ्याच्या तुकड्यांतच जास्त चालते. नवा ड्रायव्हर आला की त्याला आधी सांगतो : उतार लागायच्या आधी थांब, लो गिअर टाक, ब्रेकची दोन्ही पेडलं कडीनं जोड, मगच उतर. मध्येच क्लच दाबला की इंजिनाची अडवणूक सुटते, आणि भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला पुढं ढकलू लागते. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे पाहिले की मला राग येतो. खालच्या रस्त्यानं दुसऱ्याची पोरं शाळेला जात असतात.

चढाचा धोका वेगळा. शेजारच्या वस्तीवरचा पोरगा चढावर रुतलेली शेणखताची ट्रॉली दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढत होता. साखळी बांधली होती वर, टॉप लिंकच्या जागी. मागची चाकं चिखलात घट्ट बसलेली, आणि त्यानं क्लच झटक्यात सोडला. चाकं फिरेनात की इंजिनाचा जोर ट्रॅक्टरचं धडच मागच्या आसाभोवती उचलतो. ओढ आसाच्या वरून असेल तर आणखी लवकर. पुढची चाकं वर गेलेली दिसली, आम्ही ओरडेपर्यंत ट्रॅक्टर त्याच्या अंगावर होता. पोरगा वाचला नाही.

ओढायचं ते खालच्या हुकालाच. रुतलात तर चाकापुढं ओंडका घालून रेटू नका. मागं घ्या, नाहीतर माल उतरवा. मागं नांगर उचललेला आणि चढ उभा असेल तर रिव्हर्समध्ये चढा, म्हणजे जड बाजू वर राहते. उताराला आडवं चालवणं शक्यतो टाळाच. भाग पडलं तर अवजार जमिनीलगत ठेवा, वेग कमी ठेवा आणि तालीच्या कडेपासून लांब राहा. पावसानंतर ती कड वरून टणक दिसते, चाकाखाली मात्र ढासळते. वरच्या चाकाखाली एक धोंडा आणि खालच्या चाकाखाली एक खड्डा, पलटी व्हायला एवढं पुरतं.

सीटमागं पलटीपासून वाचवणारी लोखंडी चौकट असेल तर पट्टा बांधाच. ती नसेल तर पट्टा बांधू नका, तो तुम्हाला ट्रॅक्टरखालीच धरून ठेवील. मडगार्डवर कुणालाही बसवू नका, मालकाच्या लेकरालासुद्धा नाही.

काही शेतं ट्रॅक्टरची नसतातच. मालक तासाला जादा पैसे देतो म्हणाला तरी तिथं मी बैलजोडी लावायला सांगतो आणि ट्रॅक्टर रस्त्यावरूनच माघारी नेतो.